फेटा, पेटी आणि उतरतं छत: बीडमधल्या एका गाडीचं प्रकरण

गुढीपाडव्याला घेतलेली गाडी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या गॅरेजात येऊन उभी राहिली. बिघाड काहीच नव्हता. इंजिन गुमान चालत होतं, एसी गार होता, टायर निम्म्याहून जास्त शिल्लक होते. तरी ती विकायची असं घरात ठरलं होतं. ज्यांच्यासाठी घेतली, ते महाराजच तिच्यात बसायला तयार नव्हते.

"मिस्तरी, आम्ही कीर्तनाला जायलो का घंगाळात तोंड घालायलो, काही कळंना," महाराज म्हणाले. मागच्या दाराशी उभे होते, फेटा हातात. डोक्यावर नव्हे, हातात. सगळं प्रकरण तिथंच होतं, पण ते उलगडायला मला तीन दिवस लागले.

माणसं आणि सामान

महाराज बीड तालुक्यातले, साठी ओलांडलेले. सप्ताहांच्या दिवसांत त्यांची गाडी महिन्याला तीनेक हजार किलोमीटर फिरते. गेवराई, माजलगाव, केज, परळी, कधी पाथरी, कधी गोदावरी ओलांडून अंबड-घनसावंगी. गाडी पुतण्या चालवतो. त्याच्या शेजारी चाल म्हणणारे गायक, मागे महाराज आणि पखवाजवाला पोरगा. पेटीवाले आपल्या मोटारसायकलवर येतात, पण पेटी गाडीतच. दुपारी एक कीर्तन आणि रात्री दुसरं, असे दिवस आले की मधे घरी जायला सवड नसते, म्हणून फेटा सकाळीच बांधलेला असतो आणि तो तसाच राहायला हवा.

आधी जीप होती. टप सपाट, मागचं दार उभं, आत अख्खा संसार मावायचा. पण खालचे स्प्रिंगचे पाटे असे कडक की खड्ड्यातला प्रत्येक दगड कमरेत मोजावा. डॉक्टरांनी जीप बंद करायला सांगितली. मग पुतण्यानं चार वर्षं वापरलेली पेट्रोल सेडान घेतली. छत ड्रायव्हरच्या डोक्यावर सगळ्यात उंच आणि तिथून ओघळत थेट डिकीपर्यंत, डिकीचं झाकण नावाला वीतभर. दिसायला देखणी, यात वाद नाही. घेताना मला विचारलं नाही हे जरा लागलं. पण खरं सांगायचं तर विचारलं असतं, तरी मी इंजिन, चेसिस, अपघाताच्या खुणा बघून "घे" म्हणालो असतो. फेट्याचा विचार माझ्याही डोक्यात आला नसता.

तीन तक्रारी

पहिली फेट्याची. मी महाराजांना मागे बसवलं आणि डोकं ते छत हे अंतर बोटांनी मोजलं. उघडं डोकं असताना चार बोटं. फेटा बांधला की वेढाच सहा बोटांचा. म्हणजे मान पुढे काढायची, नाहीतर तिरपी करायची. माजलगावपर्यंत दीड तास तिरप्या मानेनं जायचं आणि उतरून दोन तास उभ्यानं कीर्तन करायचं. त्यातही खरी अडचण बसण्याआधीच होती. छत उतरतं म्हणजे दाराची वरची चौकटही उतरते. आत शिरताना फेटा त्या चौकटीला घासून मागे सरकायचा. म्हणून महाराज तो काढून हातात धरायचे, आणि गावात उतरल्यावर मंडपामागं उभं राहून पुन्हा बांधायचे.

आणखी एक गोष्ट मला मागच्या सीटवर स्वतः बसल्यावर कळली. छत उतरलं की डोक्याला जागा करण्यासाठी कंपन्या सीटच खाली घेतात. सीट खाली गेली की गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात, आपण उकिडवं बसल्यासारखे होतो. महाराज म्हणत होते, "उतरल्यावर गुडघे बोलायलेत." मला वाटलं होतं वयामुळं.

दुसरी तक्रार पेटीची. ती लाकडी खोक्यात असते. डिकी आत भरपूर खोल, कागदावर पाचशे लिटरच्या आसपास. पण खोकं तोंडातून आतच जाईना. दोन बोटांनी अडत होतं. उभं, आडवं, तिरपं, सगळं करून पाहिलं. मधे एकदा खोकं घरी ठेवून पेटी गोधडीत गुंडाळून आत सरकवली, तर भात्याची बिजागरी गेली. तेव्हापासून खोक्यासकट पेटी मागच्या सीटवर मधे बसायला लागली आणि महाराजांना जरा आडवं व्हायची सोयही गेली.

तिसरी तक्रार कुणी केलीच नव्हती. ती पखवाजवाल्या पोरानं सहज सांगितली. केजजवळच्या एका सप्ताहात भर कीर्तनात पेटीचा एक स्वर आपोआप वाजायला लागला. बोट उचललं तरी पट्टी गुणगुणतेच आहे. पेटीवाल्यांनी वरून कागदाची घडी खोचून वेळ मारून नेली. "ऊन लागलंय पेटीला," ते म्हणाले. ऊन कुठलं, असं मी विचारलं, तर त्यानं मागच्या काचेकडं बोट दाखवलं.

काच आणि वैशाखातलं ऊन

बीडच्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी सरळ उभ्या काठीला सावली पडत नाही. आता जीपची मागची काच आठवा. जवळजवळ उभी. वरून येणारं ऊन तिला घासून जातं, आत फारसं शिरत नाही. उतरत्या गाडीची मागची काच मात्र ताटासारखी वर तोंड करून असते. आडव्या रेषेशी साधारण 30 अंशांचा कोन धरला, तर डोक्यावरच्या उन्हाचं 87 टक्के तेज तिच्यावर सरळ पडतं. काच 60 अंशांवर उभी असेल तर निम्मं. हे काही संशोधन नाही, शाळेतलं भूमितीचं गणित आहे. एसी पुढून गार हवा फेकतो, आणि मागं बसलेल्याच्या मानेवर व शेजारच्या लाकडी पेटीवर ऊन तापत राहतं. लाकूड जरा वाकडं झालं, आतली एखादी झडप नीट बसेनाशी झाली, की हवा निसटते आणि स्वर वाजत राहतो.

पुतण्यानं यावर काळी फिल्म लावून पाहिली होती. ती बीडच्या चौकातच पावती फाडून उतरवावी लागली. मागच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा मोटार वाहन नियम आहे, आणि फिल्म चिकटवण्यावर सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्येच बंदी घातली.

माझा पहिला सल्ला, जो चुकला

मी म्हणालो, महाराजांना पुढं बसवा. पुढं छत सगळ्यात उंच, उन्हाचा त्रास कमी, फेटा सरळ राहील. मोठ्या माणसाचा मान पुढच्याच सीटचा असतो, जीपमध्येही ते पुढंच बसायचे. इतकी सोपी गोष्ट यांना सुचली कशी नाही, असंही मनात आलं.

सुचली होती. महाराजांचं मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. राष्ट्रीय महामार्ग 52 वर रात्री समोरून येणाऱ्या ट्रकांचे लाइट त्यांना सहन होत नाहीत. उसाच्या दिवसांत तर दिवे नसलेल्या ट्रॉल्या आणि डोळ्यावर दिवे फेकणारे ट्रॅक्टर, दोन्ही एकाच रस्त्यावर. शिवाय परतीच्या वाटेवर त्यांना झोप हवी असते. म्हणून ते मागं. गाडीवाल्याला गाडी दिसते, आत बसणाऱ्या माणसाचं सगळं आयुष्य दिसत नाही. मी गप्प बसलो आणि गवंड्याची पट्टी मागवली.

उतार कुठं, दार कुठं

पट्टीकडं येण्याआधी थोडं नावांविषयी, कारण पुतण्याशी माझा वाद नावांवरूनच सुरू झाला. तो म्हणायचा, "काका, सेडानच वाईट निघाली, आता एसयूव्ही बघू." मला ते पटत नव्हतं.

ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी डोळ्यांपुढं आणा. पुढं बोनेटचं खोकं, मधे माणसांचं, मागं डिकीचं. मागची काच जराशी तिरपी, मग पायरी, मग आडवी डिकी. याला नॉचबॅक म्हणतात. फास्टबॅकमध्ये ही पायरी पुसलेली असते. छत एकाच ओघात शेपटीपर्यंत जातं. हे रूप नवं नाही. चेकोस्लोव्हाकियात 1934 मध्ये टाट्रा 77 ही गाडी अशीच माशाच्या पाठीसारखी केली होती, इंजिन मागं ठेवून. अमेरिकेत साठच्या दशकात फोर्डच्या मस्टँग गाडीनं हाच उतार तरुण पोरांच्या खोलीच्या भिंतीवर नेला. 2008 पासून बीएमडब्ल्यूनं एक्स 6 काढून तोच उतार उंच गाडीवर बसवला आणि कूपे एसयूव्ही हा शब्द रूढ झाला. आपल्याकडं ऑगस्ट 2024 मध्ये टाटा कर्व्ह आणि सिट्रोएन बसाल्ट एकाच महिन्यात आल्या, तेव्हापासून माझ्याकडं दर आठवड्याला कुणीतरी "ती मागून घसरलेली गाडी कशी आहे" असं विचारतं.

पण हे सगळं उताराचं झालं. दाराचं वेगळं. उतार तसाच ठेवून कंपनी मागचं दार दोन ठिकाणी कापू शकते. काचेच्या खाली कापलं तर काच जागेवर राहते आणि फक्त झाकण उघडतं, तोंड अरुंद. काचेच्या वर, छताच्या कडेला बिजागरी बसवली तर काचेसकट सगळी पाठच उचलली जाते. दिसायला सेडान, उघडायला हॅचबॅक. हिला लिफ्टबॅक म्हणतात. भारतात हा प्रकार 1985 मध्येच येऊन गेला होता. मद्रासला बनलेली स्टँडर्ड 2000, ब्रिटनच्या रोव्हर एसडी 1 चा सांगाडा असलेली. ती चालली नाही, पण दार मागून अख्खं उघडायचं.

आणि गंमत अशी की लिफ्टबॅक ही मराठवाड्याला परकी वस्तू मुळीच नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाची ऑक्टाव्हिया जोडली जायची. पहिल्या ऑक्टाव्हियाची डिकी 528 लिटरची. लोक तिला अजूनही सेडान म्हणतात. मी कितीतरी मालक पाहिलेत, जे पहिल्यांदा मागचं दार उघडून काचेसकट वर जाताना बघून दचकले होते.

मग सगळ्याच कंपन्या मोठं दार का देत नाहीत? मागच्या सीटमागचा पत्रा आणि काचेखालची फळी गाडीच्या सांगाड्याला आडव्या तुळईसारखं बांधून ठेवतात. मोठं भोक पाडलं की तो ताठपणा दुसरीकडून आणावा लागतो: जाड चौकट, मजबूत बिजागऱ्या, दार पेलणाऱ्या गॅसच्या नळ्या. वजन वाढतं, खर्च वाढतो. वर डिकीतला टायरचा आवाज आणि वास बसणाऱ्यांपर्यंत येतो. झाकण लहान ठेवणं हा कंजूषपणाच असतो असं नाही.

पुतण्याची बाजू

पोराचीही एक बाजू होती, ती ऐकायला हवी. तो म्हणाला, "काका, उतारामुळं हवा कापली जाती. ॲव्हरेज मिळतं. चौकोनी गाडी घेतली तर पेट्रोलचा खर्च कोण देणार?"

तत्त्व बरोबर आहे. गाडी पुढं जाते तेव्हा हवा छतावरून घसरत मागं येते. छत हळूहळू उतरलं तर हवा त्याला धरून राहते. एकदम तुटलं तर हवा सुटते, गाडीच्या मागं कमी दाबाची पोकळी तयार होते, आणि ती पोकळी गाडीला मागं ओढते. पण जितका उतार तितका फायदा, असं नाही. जर्मनीत एस. आर. अहमद आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये गाडीच्या साध्या ठोकळ्यावर हे मोजलं होतं. मागचा तिरपा भाग 30 अंशांच्या आसपास आला की दोन्ही कडांनी हवेचे जोरदार भोवरे उठतात आणि ओढ सगळ्यात जास्त होते. म्हणजे चुकीचा उतार सपाट पाठीपेक्षाही महाग पडू शकतो. वुनिबाल्ड काम नावाच्या जर्मन अभियंत्यानं तर तिसाच्या दशकातच दाखवलं होतं की शेपूट टोकापर्यंत नेण्याची गरज नाही, योग्य जागी तोडली तरी बराच फायदा हातात राहतो. आजच्या अनेक गाड्यांचा मागचा ओठ तसाच तोडलेला असतो.

आता आपल्या रस्त्याचा हिशेब. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणं वाढतो. धरून चाला की उतरत्या गाडीचा विरोधाचा गुणांक 0.30 आणि चौकोनी पाठीचा 0.34, समोरचं क्षेत्रफळ दोन्हींचं सव्वादोन चौरस मीटरच्या जवळपास, आणि पेट्रोलमधल्या ऊर्जेचा चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. ताशी 100 किलोमीटरला दर शंभर किलोमीटरमागं अर्धा लिटर वाचतो. समृद्धी महामार्गावर 120 नं गेलात तर पाऊण लिटरच्या आसपास. पण महाराजांची गाडी जाते गेवराई-माजलगाव-परळी रस्त्यांनी, गावागावांतल्या गतिरोधकांवरून. सरासरी वेग 50 ते 60. तिथं बचत उरते शंभर किलोमीटरला सुमारे 0.16 लिटर. महिन्याच्या तीन हजार किलोमीटरला पाचेक लिटर.

मी कागदावर हे लिहून त्याच्यापुढं ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे पाचशे रुपयांसाठी म्हाराजांचा फेटा हातात?" यावर मी काही बोललो नाही. गाडी छान दिसते म्हणूनही ती घेतली होती, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

पट्टी

गवंड्याची ॲल्युमिनियमची सहा फुटी पट्टी. खाली रंग खरवडू नये म्हणून जुना पंचा. त्या दिवशी आवारात तीन गाड्या होत्या: महाराजांची सेडान, ब्रेकच्या कामाला आलेली एक लिफ्टबॅक आणि एक सात सीटर. पट्टी छतावर लांबीच्या दिशेनं ठेवायची, पुढचं टोक समोरच्या काचेच्या वरच्या कडेला, आणि बाजूला उभं राहून बघायचं की पट्टी आणि छत यात फट कुठं सुरू होते.

सेडानमध्ये फट पुढच्या सीटच्या मागेच सुरू झाली. मागच्या माणसाचं डोकं जिथं येतं, तिथं ती तीन बोटं झाली होती. सात सीटरमध्ये फट जवळजवळ नाहीच. हे दोन्ही अपेक्षित होतं. लिफ्टबॅकनं मात्र आम्हाला थांबवलं. लांबून पाहिलं तर ती सेडानइतकीच उतरती. पण पट्टीखाली फट सुरू झाली ती मागच्या माणसाच्या डोक्याच्याही मागं. छत माणसांवरून सपाट आलं होतं आणि माणसं संपल्यावर उतरलं होतं.

महाराजांना त्या परक्या गाडीत बसवलं. (मालकाला फोन करून विचारलं होतं. ते "माउलींचे पाय लागू द्या" म्हणाले.) फेटा बांधून. चौकटीतून डोकं जरा वाकवून आत गेले, टेकून बसले, मान सरळ. फेट्याच्या वर एक बोट सरकत होतं. तुरा नसतो त्यांचा, नाहीतर तेही गणित फिसकटलं असतं.

कंपन्या डोक्याची जागा मोजतात ती वेगळीच असते, हे इथं सांगायला हवं. नितंबाच्या सांध्यापासून आठ अंश मागं कललेली रेषा छतापर्यंत काढतात आणि त्यात 102 मिलिमीटर मिळवतात. त्या मापातल्या माणसाला फेटा नसतो, तो मागं रेलून निवांत बसलेला असतो. डिकीचे लिटरही तसेच. बऱ्याच ठिकाणी 20 बाय 10 बाय 5 सेंटिमीटरचे ठोकळे भरून मोजतात, प्रत्येक ठोकळा एक लिटर. ठोकळा कोपऱ्यात, चाकाच्या कमानीशेजारी, कुठंही बसतो. पेटीचं खोकं पाण्यासारखं ओतता येत नाही. त्याला तोंड लागतं.

लिफ्टबॅकचं दार उचललं आणि पेटी एका हातानं आत ठेवली. पखवाज शेजारी. दोन्हींवर झाकण्याची फळी, म्हणजे काचेतून येणारं ऊन फळीवर पडलं, पेटीवर नाही. पोरगं खूश झालं. त्यानं लगेच दाराच्या ओठावर बसून पखवाजाच्या गट्ट्यांवर हातोडी मारून बघितली.

काय घेतलं, काय गेलं

सात सीटर घ्यावी असं माझं मत तोवरही पक्कं होतं. फेटा, पेटी, ऊन, सगळंच त्यात सुटत होतं. पण आमच्याकडं जुनी सात सीटर भाव सोडत नाही. वडापवाले, लग्नाच्या वऱ्हाडवाले, सगळ्यांना तीच हवी. त्यांच्या पैशात मिळत होती ती दोन लाखांच्या वर किलोमीटर झालेली. कूपे एसयूव्हीही एक बघून आलो. उंचावर असल्यानं बसताना गुडघे वाकवावे लागत नव्हते, मागचं दारही काचेसकट उघडणारं. महाराजांना ती आवडली. पण नवी गाडी हिशेबाबाहेर होती आणि जुन्या अजून बाजारात आल्या नव्हत्या.

शेवटी सेडान विकून नऊ वर्षं जुनी डिझेल लिफ्टबॅक घेतली. सेडान दोन महिन्यांत विकल्याचा ऐंशी हजारांचा फटका बसला. घेण्याआधी मी दोन दिवस ती उचलून-पाडून तपासली. जुन्या गाडीचं काम निघणारच, त्यासाठी वर्षाला काही पैसे बाजूला ठेवा असं लिहूनच दिलं. पुतण्याला डिझेलचं ॲव्हरेज मिळालं, म्हणून तो माझ्यावर नाराज नाही.

सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. उतरत्या छताचं एक दुखणं कुठल्याही दारानं जात नाही: मागचं दिसणं. काच लांबून मोठी दिसते, पण आतल्या आरशात ती पट्टीएवढीच उरते, आणि दोन्ही बाजूंचे जाड खांब उरलेलं झाकतात. 1963 च्या कॉर्व्हेट स्टिंग रे या अमेरिकन गाडीत मागच्या काचेच्या मधोमध एक कणा होता. दिसायला अप्रतिम, पण मागचं दिसेना अशी ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी तो काढून टाकला. आमच्या पुतण्यानं जूनमध्ये हातपंपाच्या ओट्याला मागचा बंपर लावला. मग मागचा कॅमेरा बसवून घेतला.

मानेवरचं ऊनही पूर्ण गेलं नाही. पेटी फळीखाली गेली, महाराजांची मान नाही गेली. गाडी उभी असली की आता काचेवर आतून गोधडी टाकतात. चालू असताना उपरणं मानेवर घेतात. एवढंच.

काल्याच्या कीर्तनाचा मान असलेल्या एका गावी मी स्वतः गेलो होतो. मंदिरासमोर गाडी थांबली, महाराज फेट्यासकट उतरले, नमस्कार घेत थेट व्यासपीठाकडं निघाले. मागं पखवाजवाल्यानं दार उचललं. दार काचेसकट वर गेलं आणि खण्णकन मंडपाच्या पत्र्याला लागलं. पत्रा वाजला तसे टाळकरी वळून बघायला लागले.

"काका," पुतण्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "हे दार कामून एवढं वर जातं? अर्ध्यात थांबवायची काही सोय हाय का?"

गॅसच्या नळीला दोरी बांधून वर जायचं अंतर कमी करता येतं. दुसऱ्या दिवशी ती बांधून दिली.